बाईंच्या आवाजाचं गाठोडं

घरातली वस्तू कंपनीने ठरवून दिलेल्या वेगानेच चालावी, हे तपासनिसाला कधी पटलं नाही. मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, सगळ्यांना त्याने जास्त पळायला लावलं होतं, आणि त्यातली निम्मी मंडळी माळ्यावर कायमची विश्रांती घेत होती. ऑफिसात मात्र हाच माणूस विजेचे मीटर तपासायचा, आणि चाचणी पूर्ण झाल्याशिवाय एकाही मीटरवर शिक्का मारायचा नाही. साहेबांनी घाई केली की म्हणायचा, "मग शिक्का तुम्हीच मारा."

त्याची बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. भांडण झालं की तोही म्हणायचा. बाईंच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, हे डॉक्टरांनी दाराची कडी बदलायची असल्यासारखं सांगितलं.

दूरच्या शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने फोनवर मार्ग सुचवला. ऑपरेशनच्या आधी आईने काहीशे वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची. त्यावरून एक संस्था तसाच आवाज बनवून देते. मग आई टाइप करील आणि मोबाइल आईच्या आवाजात बोलेल.

"म्हणजे तरीही तुमची सुटका नाही," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"मी कुठे अर्ज केला होता?"

बाहेरचा गोंगाट अडवायला मागच्या खोलीच्या खिडकीला गादी लावली आणि वाचन सुरू झालं. संस्थेची वाक्यं अजब होती. 'जिराफाला छत्रीची गरज नसते.' बाई म्हणाल्या, "हे लिहिणाऱ्याला माझ्या वर्गात आणून बसवा." ती संपल्यावर त्यांनी स्वतःची वाक्यं घातली. 'ओला टॉवेल पलंगावर टाकू नका.' 'ऐकताय, की नुसतीच मान हलवताय?' 'अहो' तर कितीतरी प्रकारे म्हणून ठेवलं: रागाचं, लाडाचं, पाहुण्यांसमोरचं.

मग ऑपरेशनची तारीख अलीकडे आली. काही वाक्यं अजून वाचायची होती, प्रत्येकातली खरखर काढायची होती, आणि घरचा कॉम्प्युटर एकेका वाक्याला चहाची सुट्टी घ्यायचा. तपासनिसाचे हात शिवशिवले. कॉम्प्युटर काम करताना सगळं आधी मेमरीत धरतो, मग डिस्कवर ठेवतो; त्या मेमरीला ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येतं, हे त्याने वाचलं होतं. त्याने तिचा वेग वाढवला, थोडी जादा वीजही पाजली. मग नियमाप्रमाणे चाचणी लावली. ही चाचणी मेमरीत आकडे भरते, परत वाचते, पुन्हा भरते. तिला अख्खा दिवस लागतो.

तासाभराने बाई दारात आल्या. "यंत्र मोकळं करा. आज घसा बरा आहे."

"अगं, चाचणी चाललीय."

"चुका निघाल्या?"

"अजून तरी नाही."

"मग? उद्या माझा घसा चालेल, याची चाचणी आहे का तुमच्याकडे?"

नव्हती. त्याने आयुष्यात पहिल्यांदा अर्धवट चाचणीवर शिक्का मारला.

काम भरधाव सुटलं. तपासनीस इतका खूश झाला, की आपण हे कशासाठी करतोय याचा त्याला अधूनमधून विसर पडायचा. सगळी वाक्यं साफ करून, आवळून, त्याने एका फाइलचं गाठोडं बांधलं. डिस्क भरत आली होती, म्हणून बांधून झालेली सुटी वाक्यं पुसत गेला. गाठोडं संस्थेला पाठवलं. 'मिळालं' असा निरोप आला. बाई ऑपरेशनला गेल्या. आत नेताना म्हणाल्या, "गॅस बंद केलात ना नीट?" त्यांच्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य.

दोन दिवसांनी संस्थेचा निरोप आला: फाइल उघडत नाही, पुन्हा पाठवा.

त्याच्याकडेही उघडेना. तो कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीवाल्याकडे गेला.

"काका, डिस्क ठणठणीत आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "तिला जे दिलं ते तिने जपून ठेवलंय. दिलंच चुकीचं. मेमरी फार ताणली होतीत."

"पण एकदाही बंद पडला नाही हो!"

"बंद पडला असता तर कळलं असतं ना."

चुकणारी मेमरी कुरकुरत नाही, ती छातीठोकपणे चुकीचं सांगते. अशी माणसं तपासनिसाने ऑफिसात रोज पाहिली होती, तरी त्याला ओळखता आलं नाही. गाठोड्याच्या तोंडाशी असलेली जिराफाची आणि तसली थोडी वाक्यं निघाली. तेवढ्यात आवाज बनत नाही, संस्थेने कळवलं. बाईंची स्वतःची वाक्यं तळाशी होती.

बाई घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभा राहिला. बाईंनी सवयीने तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा निघाली. मग पाटी ओढून त्यांनी लिहिलं, 'जेवून घ्या.'

"त्यापेक्षा शिव्या दे गं."

त्यांनी जरा विचार केला. 'लिहून मजा येत नाही.'

मोबाइलमधला तयार आवाज घेतला. कोवळा, मधाळ, विमानतळावर सूचना देणाऱ्या मुलीचा असावा तसा. पहिल्याच रविवारी मुलीचा फोन आला. तपासनिसाने तो स्पीकरवर ठेवला, बाईंनी आपल्या मोबाइलवर टाइप केलं.

"कशी आहेस? वेळेवर जेवतेस ना?"

"कोण बोलतंय?" मुलीने विचारलं. मग हळूच, "आई? बाबा, हा कुठला आवाज? आपला बनवलेला लावा ना!"

तपासनीस फोनकडे वाकला. बाई भराभर टाइप करू लागल्या.

"मीच नको म्हटलं. माझा फार कर्कश होता. हा बरा आहे."

खोटं बोलताना बाईंचा आवाज किंचित वर चढायचा, आणि मुलगी लहानपणापासून तेवढ्यावरून त्यांना पकडायची. हा आवाज जागचा हलला नाही.

"बरं," मुलगी म्हणाली. "तुला आवडला असेल तर ठीक आहे."