तारा फुटण्याआधी

टंकलेखिकेची बोटं एकशे चाळिसाव्या पानावर थबकली. लेखकाच्या गिचमिड अक्षरात पुढे लिहिलं होतं : आई पाणी मागत राहिली आणि मुलीने डोळे मिटलेलेच ठेवले.

बावीस वर्षं ती त्याच्या विज्ञानकथा टंकत आली होती. कथानक अडलं की तो एखादा तारा फोडायचा. ग्रह जळून खाक, पात्रं गारद, गुंता आपोआप सुटायचा. "सर, या वर्षातला हा तिसरा," असं ती म्हणायची आणि तोही हसायचा.

या खेपेला तारा एका मुलीला शिक्षा द्यायला फुटणार होता. कामावरून दमून आलेली मुलगी भरदुपारी झोपेचं सोंग घेते. तासाभराने उठते, तर आई गेलेली.

ती दुपार टंकलेखिकेची होती. लेखकाची बायको वारली तेव्हा तो स्वतःला दोष देत अन्नपाणी सोडून बसला होता. त्याला धीर द्यावा म्हणून, सख्ख्या भावालाही न सांगितलेलं तिने त्याला सांगितलं होतं.

पान घेऊन ती त्याच्या टेबलाशी गेली. ग्रह वेगळा आहे, माणसं वेगळी आहेत, शेवटी सगळेच जळून जातात, असं तो बराच वेळ समजावत राहिला. कुणाच्या लक्षातही येणार नाही, म्हणाला.

"माझा भाऊ तुमचं प्रत्येक पुस्तक वाचतो," ती म्हणाली. "आई मला चिमणे म्हणायची. तेसुद्धा तुम्ही तसंच ठेवलंय."

लेखकाने चष्मा पुसला. "ते काढलं तर प्रसंगात जीवच राहत नाही गं."

ती जागेवर येऊन बसली. एक ओळ बदलायला कितीसा वेळ लागणार होता? मुलगी उठली असती, आईला पाणी दिलं असतं. पण तिने लिहिलं होतं तसंच टंकलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका तेवढ्या सुधारल्या. तारा फुटला. सगळी पानं नीट जुळवून तिने लेखकासमोर ठेवली.

"पुढचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या, सर."

पुस्तक यायला अजून दोन महिने होते. ती तिथून तडक भावाकडे गेली. दार उघडताच त्याचा चेहरा फुलला. "ताई, आज अचानक? ये ना."

ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"आधी ऐकून घे," ती म्हणाली. "मग आत बोलाव."