एकशे चौदा सह्या

नीलाताई फडणीस यांच्या दाराची बेल वाजली, की कोणाला तरी अर्ज लिहून हवा आहे, हे त्या दार उघडण्याआधीच ओळखत. विमा कंपनीच्या कायदा विभागात चौतीस वर्षं मसुदे लिहून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात बोलणं होतं, आणि आई जाऊन आता सहा वर्षं झाली होती. कोपर स्टेशनजवळच्या ‘मंगलदीप’ सोसायटीत पाण्याची तक्रार असो की लिफ्टची, कागद नीलाताईंच्याच हातचा. सभासद कौतुकाने म्हणत, “ताईंचं पत्र गेलं की साहेब खुर्चीतून उठतो.” साहेब उठत असेलही. पण पत्र हातात पडलं की सभासदही उठत. चहा विचारायचा अवकाश, “नको ताई, घाईत आहे,” म्हणून जिन्याला लागत.

त्या सोमवारी सेक्रेटरी रवींद्र प्रधान आला तो वर्तमानपत्राची घडी घेऊनच.

“ताई, महापालिकेची जाहीर सूचना बघितलीत? आपल्या बागेच्या पुढच्या भागात चार मजली इमारत बांधतायत. मागच्या चाळीतली माणसं आणून आपल्या नाकासमोर बसवणार. उरलेल्या बागेत दिवे आणि पायवाट, म्हणजे आपण गप्प बसावं म्हणून. वर रस्त्याच्या काँक्रीटच्या खर्चाचा वाटा पण आपल्याच माथी. हरकत घ्यायला पाहिजे, आणि तुमच्यासारखं लिहिणार कोण?”

“पण चाळ धोकादायक ठरली आहे ना? मग ती माणसं कुठे जाणार?”

“कल्याणच्या पुढे खडवलीला महापालिकेचे तयार फ्लॅट आहेत की, तिकडे जावं त्यांनी. छान स्टेशन आहे, हवा चांगली. मी एकदा फिरायला गेलेलो.”

फिरायला जाणं आणि राहायला जाणं यांतला फरक नीलाताईंना कळत होता. पण ‘तुमच्यासारखं कोण’ हे शब्द वर्षभरात त्यांना कोणी म्हटले नव्हते. त्यांनी चष्मा लावला. दोन दिवस खपून तीन पानी हरकत लिहिली. ‘सदर उद्यान ही परिसरातील बालकांची एकमेव मोकळी जागा असून’ हे वाक्य तर त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते मोठ्याने वाचून पाहिलं. ऐकायला भिंती होत्या. रवींद्रने पत्र दारोदार फिरवलं आणि संध्याकाळपर्यंत एकशे चौदा सह्या जमल्या. पत्र किती जणांनी वाचलं, ते विचारू नका.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या तीन पानांत कुठेच नव्हती. ती बाग महापालिकेची, सार्वजनिक. सोसायटीने ती देखभालीसाठी दत्तक घेतली होती, आणि दत्तक घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात फाटकाला कुलूप घातलं होतं. सकाळी दोन तास सभासदांच्या फेऱ्यांसाठी ते उघडत. बाकी दिवसभर झोपाळे आपले नुसते टांगलेले. फाटकावर सुबक अक्षरांत फलक होता : ‘उद्यान सभासदांपुरते. बाहेरील व्यक्तींस सक्त मनाई.’ इमारतीच्या दाराशी, वॉचमनच्या खुर्चीच्या वर, दुसरा : ‘पूर्वपरवानगीशिवाय बाहेरील व्यक्तीस वर सोडू नये.’ दोन्हींचे मसुदे नीलाताईंचे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

सुनावणी कल्याणला, पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारी अकरा वाजता. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून अंगठे उमटत होते. साडेनऊला नीलाताई इस्त्रीची साडी नेसून, फाइल छातीशी धरून सोसायटीच्या फाटकात उभ्या राहिल्या. रवींद्रची अचानक मीटिंग निघाली. खजिनदारांचा गुडघा आखडला. ‘ताई आहेत म्हणजे आम्ही सगळे आहोत’ असाही एक मेसेज आला. नीलाताई एकट्याच रिक्षात बसल्या.

महापालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर त्या टेकल्या, तेव्हा समोरच्या बाजूला चाळ उतरली होती. वीसपंचवीस माणसं, डबे, पाण्याच्या बाटल्या, कोणाचं तरी बाळ. त्यांच्यातल्या एक साठीच्या बाई पदर सावरत आल्या आणि नीलाताईंच्या शेजारी बसल्या. त्या रमाबाई साळवे, तीस वर्षं अंगणवाडी चालवून निवृत्त झालेल्या. बागेवरून जाता-येता दोघींची नजरानजर होई. बोलणं कधी झालं नव्हतं.

“एकट्याच आलात?” रमाबाईंनी विचारलं.

“बाकीचे येतायत,” नीलाताई म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांनी फाइलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

“तब्येत बरी आहे ना आता?”

नीलाताई चमकल्या. “माझ्या तब्येतीला काय झालंय?”

“अहो, जानेवारीत तुमच्या गॅलरीत एकच साडी चार दिवस वाळत होती. निळी. तुम्ही तर रोज सात वाजता दोरीवरचे कपडे काढून घेता. मी म्हटलं, बाई आजारी आहे. माझी सून सोनल पेज घेऊन आलेली तुमच्याकडे, दोन वेळा. वॉचमननं वर सोडलं नाही. म्हणाला, बाहेरच्यांना परवानगी नाही, बोर्ड वाचा. त्याची काय चूक, त्याला नोकरी करायचीय.”

नीलाताईंना आठवलं. जानेवारीतला तो ताप! चार दिवस त्या पलंगावर पडून होत्या. पाणी आणायला उठल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खाली बसल्या, तासभर तशाच. तेव्हा त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, की आपण मेलो तरी या जगात कोणाच्या ध्यानात यायचं नाही. आणि त्याच वेळी खाली पेजेचा डबा उभा होता. त्याला वर येऊ दिलं नव्हतं त्यांच्याच वाक्याने. सह्या करणाऱ्या बाकीच्या एकशे तेरा जणांपैकी कोणाला त्या साडीचा रंगसुद्धा सांगता आला नसता. नीलाताईंना फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त रडू आलं. चारचौघांत रडायची सवय नव्हती म्हणून त्या समोरच्या नोटीस बोर्डाकडे बघत राहिल्या.

“खडवलीचं घर वाईट नाही हो,” रमाबाई सावकाश बोलत होत्या. “दोन खोल्या, संडास आत. पण सोनल विठ्ठलवाडीला कारखान्यात जाते, नातीची शाळा इथली. आणि मला काही झालं, तर मध्यरात्री दार वाजवणारी माणसं सगळी याच चाळीतली. ती वेगवेगळ्या इमारतींत विखुरली, की घर असून माणूस एकटा. तुम्हाला मी काय सांगू ते.”

तेवढ्यात शिपायाने पुकारा केला.

आत लांब टेबलामागे तीन अधिकारी बसले होते. मधल्या साहेबांनी हरकतीचं पत्र चाळलं. “मसुदा उत्तम आहे. सह्या एकशे चौदा. हजर किती?”

“मी एक,” नीलाताई म्हणाल्या.

चाळीच्या बाजूने रमाबाई उठल्या. “साहेब, एकच विचारायचंय. त्यात लिहिलंय, ही बाग मुलांची एकमेव मोकळी जागा. आमच्या चाळीत एकतीस मुलं आहेत. त्यातलं एकही त्या बागेत कधी गेलेलं नाही. मग ही कुठली मुलं, ते बाईंनी सांगावं.”

साहेबांनी नीलाताईंकडे पाहिलं. उत्तर तयार होतं. ‘देखभालीच्या दृष्टीने मर्यादित वेळ’ असं म्हटलं असतं की भागलं असतं; चौतीस वर्षांत त्यांनी याहून अवघड जागा सफाईने झाकल्या होत्या. शिवाय खरं बोललं तर काय होणार, हेही त्यांना स्वच्छ दिसत होतं. आठवड्यातून एकदोनदा वाजणारी ती बेलसुद्धा बंद होणार होती.

“बागेला कुलूप असतं,” त्या म्हणाल्या. “आम्ही घातलेलं. त्यावरचा बोर्ड माझ्या हातचा आहे. मुलं त्या बागेत येत नाहीत, कारण आम्ही येऊ देत नाही. हे वाक्य खोटं आहे, साहेब, आणि ते मी लिहिलं आहे.”

“म्हणजे हरकत मागे घेता?”

“एकशे तेरा सह्यांबद्दल मी बोलू शकत नाही. माझी मागे घेते. ही माणसं इथेच राहावीत, असं माझं म्हणणं लिहून घ्या. आणि बागेचं काम कराल तेव्हा फाटकाला कुलूप बसणार नाही अशी अट घाला. रस्त्याच्या वाट्याची हरकत मात्र राहू द्या, ती खरी आहे.”

बाजूचा अधिकारी हसला. लेखनिकाने सगळं लिहून घेतलं. प्रस्ताव अभिप्रायासह महासभेपुढे जाईल असं साहेबांनी सांगितलं. म्हणजे निकाल काही लागला नाही. असे निकाल एका दुपारी लागत नाहीत.

सोसायटीचा निकाल मात्र लगेच लागला. संध्याकाळी रवींद्र आला, दारातच उभा राहिला. “ताई, तुम्ही आपल्याच माणसांना पाडलंत,” एवढंच म्हणाला. ग्रुपमधून त्यांचं नाव गेलं. जिन्यात भेटणारे मोबाइलमध्ये बघू लागले. पुढचे अकरा दिवस बेल वाजली नाही. बाराव्या दिवशी त्यांना कळलं, की लिफ्टच्या तक्रारीचं पत्र कोणा भाच्याकडून लिहून घेतलं. त्या दिवशी नीलाताई जेवल्या नाहीत.

तेराव्या दिवशी त्यांनी फाइल घेतली आणि चाळीचा रस्ता धरला. रिकाम्या हाताने कोणाच्या दारी जायचं ठाऊकच नव्हतं. आपला उपयोग असेल तरच माणसं आपल्याला घरात घेतात, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. रमाबाईंच्या दारात पोचताच त्या घाईघाईने म्हणाल्या, “सुनावणीला तुम्ही दिलेल्या निवेदनात दोन ठिकाणी चूक आहे. मी नीट करून देते, पाच मिनिटांत. मग निघते.”

रमाबाईंनी त्यांच्या हातातून फाइल घेतली, फळीवर ठेवून दिली आणि म्हणाल्या, “अर्जाचं नंतर बघू. आधी बसा. सोनल, ताईंनाही ताट वाढ.”

नीलाताई बसल्या. त्यांचे डोळे भरून आले, आणि या वेळी त्यांनी ते लपवले नाहीत.

वाचकहो, आपल्याही फाटकावर असा एखादा फलक असतो. कोणाला आत सोडायचं नाही, हे आपण त्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो. त्यामुळे आपल्यापर्यंत कोण पोचू शकलं नाही, हे आपल्याला कधी कळतही नाही. शहर सगळ्यांचं असतं, असं आपण भाषणात म्हणतो. ते सगळ्यांचं आहे की नाही, ते अशा फाटकांवर ठरतं. तेव्हा पुढच्या वेळी कोणी सहीचा कागद घेऊन दारात आलं, तर पेन हातात घेण्याआधी तो कोणाच्या विरुद्ध आहे ते विचारा. आणि सही करायच्या आधी त्यांच्या घरी एकदा जाऊन या.