कुणाचीच हरकत नव्हती

मित्रांनो, मी फरीदाबादच्या एका कारखान्यातलं बैठकीचं जुनं टेबल आहे. माझी फळी सागवानी, पाय लोखंडी. तरुणपणी माझा थाट काय विचारता! रोज पॉलिश, वर काच, आणि मोठमोठ्या साहेबांची कोपरं टेकायला मीच.

आमच्याकडे एक रीत होती. चर्चा संपली की मॅनेजर राजीव दामले विचारायचे, "किसी को ऐतराज़?" म्हणजे, कुणाची हरकत आहे का? कुणी बोललं नाही, की ते माझ्यावर थाप मारायचे. झाला निर्णय! मौनाला होकार समजणारी ही माणसं शहाणी आहेत, असं मला तेव्हा वाटे.

मग परदेशी मालाला दारं उघडली. गुडगावात काचेच्या इमारती उठल्या आणि जो तो 'बदल, बदल' करू लागला. अशातच प्रस्ताव आला, की साचे बनवणारी आपली टूलरूम बंद करून साचे बाहेरून घ्यावेत. टूलरूमचे प्रमुख होते नागपूरचे भाऊराव गजभिये. त्यांच्या हाताखालच्या सगळ्या कारागिरांची चूल त्या खात्यावर पेटत होती.

बैठकीआधी हिशेबखात्याच्या कौसल्याबाई माझ्याशेजारी पुटपुटल्या, "टूलरूम गेल्यावर उरणार काय?" दामले तर एकटेच डोकं धरून बसले होते. मला हायसं वाटलं. म्हटलं, आज थाप पडत नाही.

पण बैठकीत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. आपण जुनाट ठरू, या धास्तीनं कुणी ब्रसुद्धा काढला नाही. भाऊरावांचा तळवा माझ्या कडेवर घामेजला होता. मी मनात ओरडत होतो, 'बोला हो!'

थाप पडली.

बाकीचे निघून गेल्यावर भाऊराव दामल्यांना म्हणाले, "साहेब, तुम्ही तरी नाही म्हणायचं होतं."

"अहो, मला हे बिल्कुल नको होतं! पण तुम्हीच गप्प, तेव्हा वाटलं तुमचीही तयारी आहे."

"मला वाटलं, सगळ्यांचं आधीच ठरलंय. आता बदलता येईल?"

"हेड ऑफिसला फोन गेला, भाऊराव."

टूलरूमला कुलूप लागलं. कारागीर गाझियाबादकडे काम शोधत पांगले. मी गोदामात धूळ खात पडलोय, पण त्याचं दुःख नाही. माझ्यावर पडलेली ती थाप मात्र मला अजून सलते.

मित्रांनो, वर्गात काही ठरत असेल आणि मनात 'नको' असेल, तर तिथंच म्हणा. म्हणाल ना?

बघा, तुम्हीही शेजारच्याकडेच पाहताय.