दहा जागांची चौकट

मी एक जुनी बाभळीची चौकट आहे. अणदूरच्या चावडीत माळ्यावर पडून आहे, उंदरांच्या संगतीत. हसू नका मित्रांनो, निजामाच्या राज्यात मला बघून भलेभले शेतकरी गप्प व्हायचे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सरकार गावोगाव धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, घेई. महसुलाचे गिरदावर, म्हणजे तपासनीस, जलीलसाहेब मला उभ्या ज्वारीत ठेवत, माझ्या आतली कणसं कापून दाणे तोलत आणि त्यावरून सगळ्या शेताचा उतारा धरून लेव्ही ठरवत. माझं माप चोख होतं. त्याची मला लई घमेंड होती.

एका साली विधवा दगडाबाईच्या शेतात आम्ही उशिरा पोचलो. ज्वारी काढून झाली होती. तिच्या घरची रीत अशी, की विहिरीकडचा सगळ्यांत भरलेला कोपरा खंडोबाच्या नावानं राखायचा आणि नैवेद्य दाखवून शेवटी कापायचा. उभं पीक तेवढंच. लोक धान्य लपवतात म्हणून कापलेली रास धरायची नाही, असा नियम होता. साहेबांनी मला देवाच्या कोपऱ्यात ठेवलं. झालं, सगळ्या खडकाळ रानाला विहिरीकाठचा उतारा लागला.

दगडाबाई रडली नाही. तिनं साहेबांना बांधावरचं मुंग्यांचं वारूळ दाखवलं. विहिरीकडून येणाऱ्या मुंग्यांच्या तोंडात दाणे होते, माळाकडून येणाऱ्या बहुतेक रिकाम्या.

"साहेब, मुंगीसुदिक चारी अंगानं हिंडून बघती," ती म्हणाली. "तुमी एकच जागा बघितली."

साहेब बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले. पुढच्या साली चौकट दहा जागी टाकीन, म्हणाले.

"टाका. पर औंदा माझं काय?"

साहेबांनी कोपऱ्याचाच आकडा लिहिला. मुंग्यांची साक्ष कागदावर चढत नव्हती. लेव्हीवाले बियाण्याची कणगीसुद्धा रिकामी करून गेले. पाडव्याआधीच दगडाबाई दोन लेकींना घेऊन सोलापूरला गिरणीत कामाला गेली. काय सांगू, सरपण होऊन चुलीत जावंसं वाटलं मला.

पुढच्या साली साहेबांनी शब्द पाळला. बांधाकडं, मधोमध, माळावर, प्रत्येक शेतात दहा जागी मला टाकलं आणि सरासरी काढली. गावाचा आकडा पहिल्यांदा खरा आला. लोकांनी आम्हाला दुवा दिला. दगडाबाईच्या रानात मात्र कुसळं माजली होती. तिथंही साहेबांनी मला दहा जागी टाकलं आणि कागदावर शून्य लिहिलं. तो आकडा अगदी बरोबर होता.

मित्रांनो, मला झाडूनपुसून ठेवलं नाहीत तरी चालेल. पण कुणाचं रान मोजाल, तेव्हा आधी ते सगळं फिरून या. आणि पुढच्या साली नको, त्याच साली या.