रेचलचं आइस्क्रीमचं भांडं

झिल्पाबाईंच्या पोटात दुखायला लागलं ते रेचल लग्न होऊन पनवेलला आली तेव्हापासून. वैद्याला दाखवण्यासारखं ते दुखणं नव्हतं. दुसऱ्याचं बरं बघवत नाही तेव्हा दुखतं, तसलं ते होतं, आणि ते आमच्या साऱ्या समाजाला माहीत होतं.

आम्ही बेने इस्राएल पनवेलात तेव्हाही फार नव्हतो. कुणाचं लग्न असो, सुंता असो, सण असो, गोड म्हणजे झिल्पाबाईंचा चिकाचा हलवा. गव्हाचा चीक, साखर आणि नारळाचं दूध. नारळाचं अशासाठी, की आमच्यात मटणावर गाईम्हशीचं दूध चालत नाही, आणि मटणाशिवाय पंगत म्हटली तर पाहुणे तोंड वाकडं करतात. नव्या सुना हलव्याची कृती विचारायच्या. झिल्पाबाई सांगायच्या, "ढवळत राहायचं, दुसरं काय!" आणि खरं काय ते स्वतःपाशी ठेवायच्या.

रेचल मुंबईची. सिनेगॉगचे मुकादम एलिएझर यांची धाकटी सून. तिला स्वस्थ बसवत नसे. आली तशी तिनं एक लाकडी पाटी करून घेतली. तिच्यावर आकडे टांगायचे, म्हणजे प्रार्थनेचं कितवं पान चाललंय ते मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनाही दिसावं. म्हातारे खूश झाले. झिल्पाबाई म्हणाल्या, "पान सापडलं नाही म्हणून देवानं आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही." मग रेचलनं दांडा फिरवून नारळ खवायचं यंत्र आणलं. विळीवर बसून पाय अवघडलेल्या बायकांनी तिला दुवा दिला. झिल्पाबाईंनी त्या खोबऱ्याची चिमूट तोंडात टाकली आणि "लोखंडाचा वास येतो" म्हणून नाक मुरडलं. वास कुणालाच येत नव्हता.

एलिया हनाबी म्हणजे आमचा एलिया पैगंबर, त्याच्या उरुसाची बैठक भरली, तेव्हा तर कहर झाला. रेचलनं आइस्क्रीमचं भांडं मागवलं होतं. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि मीठ, वर फिरवायचा दांडा. सगळ्या समाजाला पुरेल एवढं आइस्क्रीम ती एकटी करणार होती. पण आइस्क्रीम दुधाचं. म्हणून यंदा मटण नको, मासे करू, असं ती म्हणाली. माशांवर दूध चालेल, असं सिनेगॉगात प्रार्थना सांगणाऱ्या हजाननंही सांगितलं.

मुकादम म्हणाले, "मग ठरलं. गोड रेचलचं. झिल्पाबाई, तुम्हीही करा हवं तर, थोडासा."

हवं तर! आणि वर थोडासा! झिल्पाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एका बादलीसाठी अख्ख्या समाजानं मटण सोडलं होतं, आणि त्यांच्या हलव्यासाठी आजवर कुणी साधी चटणीसुद्धा सोडली नव्हती. घरी आल्या आणि भांडी आपटत राहिल्या. तिचं कौतुक कशाचं, तर दुधाचं. मग यंदा दूध चालणारच आहे, तर आपण का मागे राहायचं? उरुसाच्या आदल्या दिवशी त्यांनी नारळाला हात लावला नाही. म्हशीचं दूध आटवून आटवून त्यात चीक घातला. हलवा असा उतरला, की काप करताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. कुणाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. पंगतीत सगळ्यांनी तोंडात बोट घालावं आणि त्या पोरीनं बघत बसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

उरुसाच्या सकाळी भामा कोळीण आली ती रिकामी टोपली घेऊन.

"बाय, आज मावरं नाय गावलं," ती म्हणाली. "होड्या तशाच आल्या. मी तरी काय करू?"

आता जेवायला घालायचं काय? तेवढ्यात आमच्यातला एझरा पुढे झाला. त्याच्या मुलाला रेल्वेत नोकरी लागली होती आणि एलिया हनाबीला त्यानं बोकडाचा नवस बोलला होता. "देवालाच मटण हवंय," असं म्हणून तो बोकड घेऊनच आला. हजाननं बोकड कापला, चुली पेटल्या, मलिद्याची, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांची नि फळांची, ताटं भरेपर्यंत रश्श्याला उकळी फुटली.

रेचल बादलीपाशी उभी होती. सकाळपासून दांडा फिरवून तिचे तळवे लाल झाले होते. आता ते आइस्क्रीम पंगतीत कुणी तोंडात घालणार नव्हतं, मटणानंतर दूध चालणार ते संध्याकाळीच, आणि तोवर टिकवायला तेवढा बर्फ कुठला? तिनं डब्यावर झाकण लावलं आणि पदरानं हात पुसले.

"असू दे गं," बायका म्हणाल्या, "झिल्पाबाईंचा हलवा आहे ना!"

झिल्पाबाईंना जो आनंद झाला तो काय सांगावा! जेवताना त्यांनी दोनदा मटण मागून घेतलं. पण तिसऱ्यांदा मागणार तोच आठवलं, परातीत काय आहे ते. घास तोंडातच फिरायला लागला. कुणाला कळणार होतं? आजवर नारळाचाच केला, आजही नारळाचाच समजतील. वाहवा होईल. ती पोर कोपऱ्यात बसून बघेल. नेमकं जसं हवं होतं तसं.

परात आली. मुकादमांनी पहिला काप उचलला. "शेवटी झिल्पाबाई त्या झिल्पाबाई," ते मोठ्यानं म्हणाले. सगळे हसले. रेचलही हसली, पण कसंनुसं.

"खाऊ नका!"

मुकादमांचा हात तसाच राहिला.

"म्हशीचं दूध आहे त्यात," झिल्पाबाई म्हणाल्या. "ठेवा खाली."

म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण! परात गेली आणि बादलीशेजारी जाऊन बसली. लोकांनी मलिद्याच्या ताटातली केळी सोलली आणि त्यावरच तोंड गोड केलं.

बायका पांगल्या तशी रेचल झिल्पाबाईंजवळ येऊन बसली.

"मावशी, दूध का घातलंत?"

"तुझ्यामुळे!" झिल्पाबाई फाडकन बोलल्या. "तू आलीस आणि सगळे तुझ्याच मागे. पाटी तुझी, यंत्र तुझं, आता गोडही तुझं. माझ्यापाशी दुसरं होतं काय? जळले मी तुझ्यावर. झालं समाधान?"

रेचल म्हणाली, "माझ्या लग्नात मी तुमचा हलवा खाल्ला. शेजारी सासूबाई होत्या. म्हणाल्या, असा तुला जन्मात जमायचा नाही. घरी चारदा करून बघितला, चारदा गोळे झाले. हलव्यात आपला निभाव नाही, हे कळलं तेव्हा ते भांडं मागवलं."

झिल्पाबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"अगं, मग मला विचारायचं होतंस! शिकवला असता."

"विचारलं होतं, मावशी," रेचल म्हणाली. "तुम्ही सांगितलंत, ढवळत राहायचं."