मधल्या जागेची म्होरकी

"मागं मागं सरू वो माय, पुढं हिरवं भरू..."

रुख्मा बुढीचा तो जाड, जरासा फाटका आवाज देवकाबाईच्या कानात अजून घुमायचा. बुढी तिची सासू. गावातल्या बायांची रोवण्याची, म्हणजे धानाची रोपं लावण्याची, टोळी तिनं उभा जन्म चालवली. आवाज काही गोड नव्हता, पण तो पाण्यानं भरलेल्या बांधीवर पसरला की सगळ्यांचे हात एका तालात चिखलात उतरत आणि एका तालात वर येत. डोळे मिटण्याआधी बुढीनं टोळी सुनेच्या ओटीत घातली. गावाला नवल वाटलं. सगळ्यांत चपळ हात सुखवंताचे होते, टोळी तिलाच मिळणार असं जो तो धरून चालला होता.

तेव्हापासून सुखवंता देवकाशी कामापुरतंच बोलायची. म्होरकीनं गाण्याची ओळ सोडायची, सुखवंतानं ती झेलायची आणि मग साऱ्या टोळीनं उचलायची, अशी बुढीच्या वेळेपासूनची रीत होती. यंदा देवका ओळ सोडायची आणि ती चिखलात पडायची. सुखवंता खाली मान घालून रोवत राहायची. तिनं झेलली नाही, की बाकीच्याही गप्प.

तिच्या मनातलं जळणं आपल्याला कळतं, असं देवकाला वाटे.

गाणं गेलं तशी लय गेली. जीवनलाल मालगुजारांच्या तलावाखालच्या बांध्या अर्ध्याच झाल्या होत्या आणि लावायच्या रोपांचे पऱ्हे जून होऊन कांड धरू लागले होते. छोट्या लायनीची गाडी दुपारी शिट्टी वाजवून अर्जुनीकडे गेली की देवका उरलेल्या बांध्या मोजायची, आणखी एक दिवस कलला म्हणून. मालगुजारांचा दिवाणजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर येऊन सांगून गेला होता की बाजाराच्या दिवसापर्यंत रोवणा उरकला नाही तर पलीकडच्या गावची टोळी येईल. तसं झालं असतं तर बुढीनं बांधलेली टोळी मोडलीच असती. एकदा हातचं गेलेलं शेत पुन्हा कोण देतो?

देवका तशी पहिल्या दिवसापासूनच ओरडायची, आता तर जास्तच ओरडू लागली. धुऱ्यालगतच्या म्होरकीच्या जागेवरून तिचा आवाज चाबकासारखा यायचा. रोवताना मागे मागे सरायचं असतं; चपळ बाया भराभर सरायच्या आणि हळू बाया पुढे अडकून राहायच्या. अशातच रामकली कोंडली. ती नुकतीच बाळंतपणातून उठून कामाला आली होती. दोन्ही बाजूंच्या ओळी मागे निघून गेल्या, तिच्या पाठीमागे एकमेकींना मिळाल्या आणि ती चहूकडून हिरव्या रोपांच्या मध्ये एकटी उरली. कोंडलेल्या बाईची थट्टा करायची चालच होती. कोणीतरी विचारलं, तुह्या बेटावर आमाले पाहुणचार करशील का वो? बाया हसल्या. रामकलीही हसायला गेली, पण मान खाली घालून पुन्हा रोपं खोवू लागली.

"हात चालत नसतील तं घरी निजून राहा," देवका म्हणाली. "कायले येतेस?"

हसणं तिथंच थांबलं. सुखवंतानं कंबर सरळ केली, देवकाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वाकली.

ती नजर देवकाला भाकर खाताना टोचत राहिली. बुढीच्या वेळी कोणी कोंडलं होतं का? आठवून आठवून पाहिलं, एकही बाई आठवेना. बुढी हळू बाईला कधी बोलली नव्हती. ती गाणंच हळू करायची. मग चपळ हात आपसूक थांबत आणि मागे पडलेलीला कळतही नसे की सारी टोळी तिच्यासाठी थांबली आहे.

जेवणानंतर देवका म्होरकीच्या जागेवर गेलीच नाही. ती ओळीच्या मधोमध रामकलीशेजारी उतरली आणि तिच्या अर्ध्या ओळी आपल्या अंगावर घेतल्या. धुऱ्याकडची जागा मोकळीच राहिली. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. देवकानं रामकलीचे हात पाहिले, ते किती वेळानं चिखलात उतरतात याचा अदमास घेतला आणि त्याच चालीवर ओळ सोडली. आवाज चिरकत होता. ती ओळही चिखलात पडली. तिनं पुन्हा सोडली.

तिसऱ्यांदा ती ओळ पलीकडच्या टोकाला कोणीतरी झेलली. सुखवंताचा आवाज उंच निघाला, बगळ्यांची रांग तलावावरून उठावी तसा. मग साऱ्या बायांनी गाणं उचललं. ते हळूच चाललं होतं, पण खंड नव्हता. रामकलीचे हात सैल झाले, मग मोकळे झाले. ते मोकळे झाले तशी देवकानं चाल वाढवली. दिवस कलला तेव्हा दोन बांध्या भरून गेल्या होत्या, ओळी सुताला धरल्यासारख्या सरळ, आणि कोणी कोंडलं नव्हतं. बाजाराच्या आदल्या दिवशी शेवटची बांधी हिरवी झाली. दिवाणजीनं धुऱ्यावरून पाहिलं आणि पुढच्या साली याच टोळीला सांगावा धाडू म्हणाला.

त्या सांजेला बाया पुढे गेल्या. तलावाच्या पाटात दोघीच पाय धूत राहिल्या. देवका म्हणाली, टोळी तुह्या हाती शोभली असती बाई, तुले राग येनं साहजिकच होतं.

सुखवंतानं पोटऱ्यांवरचा चिखल खरवडून काढला.

"राग टोळीचा नोहता वो," ती म्हणाली. "बुढीनं पयले मलेच इचारलं होतं. मीच नाही म्हनलं. मले धीर नाही, मांगं राहिलेल्या बाईले मी कोंडूनच टाकीन. देवकाले द्या म्हनलं, तिले माणूस दिसते. अन् तू तं पयल्या दिवसापासून ओरडूनच राहिली. मले वाटे, म्याच बुढीले फसवलं, मंग ओळ झेलावी वाटेना." तिनं पाण्यातून पाय काढले. "तुह्यं नाव म्याच घेतलं होतं, देवका. परवा मधात उतरली ना तू, तवा जिवात जीव आला."