एक लाल, एक पिवळी

धोंडीबाईने बाटलीचं झाकण उघडलं आणि सगळ्या पिवळ्या गोळ्या पितळी डब्यात ओतल्या. त्यांच्यावर कागदी पुड्यांतल्या लाल गोळ्या टाकल्या आणि डबा चांगला खुळखुळवला.

"आजपासून दोघींना सारखं. सकाळच्या चहाबरोबर एक लाल, एक पिवळी. मंग कुणी तोंड वाकडं करायचं नाय."

तोंड वाकडं करणारी कोण, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अनिता थोरली सून, प्रियांका धाकटी. दोघींना मागेपुढेच दिवस गेलेले. रक्तवाढीच्या लाल गोळ्या उपकेंद्रातून दोघींनाही मिळत. पण प्रियांकाकडे त्याशिवाय ही बाटली होती, सगळी जीवनसत्त्वं एकाच गोळीत असलेली. लाल सोडून ती हीच घ्यायची. तिचा नवरा दीपेश वाशिंदच्या कारखान्यात कामाला जाई. त्यानेच ती आणली, असं ती सांगायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी फळीवर ठेवायची. ती बाटली दिसली की अनिताच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या नवऱ्याने, काळूरामने, लग्न झाल्यापासून साधा गजरा आणला नव्हता. शेवटी आदल्या दिवशी भाकऱ्या थापताना ती बोललीच, "धाकटीचं पोर टॉनिकवर, थोरलीचं सरकारवर." धोंडीबाई दिवाळीला दोन्ही सुनांना एकाच काठाच्या साड्या घेणारी बाई. तिला ते जिव्हारी लागलं.

पहिली पिवळी गोळी गिळताना अनिताला दिवाळी झाल्यासारखं वाटलं. पण आठवडा उलटायच्या आत दोघींची पोटं ढवळायला लागली. शौचाला काळं होई, खडा धरे. प्रियांकाला तर पाण्याचा घोटही ठरेना. धोंडीबाईचं धाबं दणाणलं. तिने डबा आणि रिकामी बाटली देऊन दोघींना उपकेंद्रात पिटाळलं.

नर्सबाईंनी दोघींना तपासलं, बाटली फिरवून तिच्यावरचं वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, या पिवळीतसुद्धा लोह आहे. लाल गोळी म्हणजे तर लोहच. दोन्ही एकदम, तेही अनशापोटी! पोट ढवळणार नाही तर काय? आणि वरून चहा. चहामुळे ते धड अंगीही लागत नाही."

"बाळांना काय झालं नसंल ना?" प्रियांकाने विचारलं.

"बाळं ठीक आहेत. पण औषध म्हणजे वाटून खायचा प्रसाद नव्हे. दोघींचं रक्त कमी आहे, तेव्हा लाल गोळीच घ्यायची. जेवणानंतर, आणि चहा त्या वेळी नाही. ही बाटली तूर्त बंद. दुसरं काही घ्यायचं असेल तर आधी दाखवायला आणायचं."

सोबतीला आलेला काळूराम बाहेर बांधावर उन्हात बसला होता. दोघींना पाहून तो उठला. "झालं?" एवढंच म्हणाला आणि पुढे चालू लागला. वाटेत करवंदीची काटेरी फांदी आडवी आली, ती दोघी पुढे जाईपर्यंत त्याने बाजूला धरून ठेवली.

तो पुन्हा पुढे गेल्यावर प्रियांकाने चाल कमी केली.

"ताई, आई आता ह्यांना विचारतील. असल्या कसल्या गोळ्या आणल्या म्हणून."

"विचारू दे की."

"त्यांनी नाय आणली." प्रियांका खाली बघत होती. "माहेरावरून येताना शहापुरात मीच घेतली. ह्यांना ठावं पण नाय. तुमच्यासंगती दादा दर टायमाला येतात, बसून राहतात. ह्यांनी आजवर एकदा विचारलं नाय, नर्सबाई काय बोलली ते. मंग मी आपलं सांगितलं सगळ्यांना, की ह्यांनी आणली."

अनिताला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर ताक प्यावं, तसं अगदी आतपर्यंत बरं वाटलं. आणि पुढच्याच पावलाला तिला त्याची लाज वाटली.

घरी धोंडीबाई ओटीवर वाटच बघत होती. काय झालं ते ऐकल्यावर ती उसळली.

"येऊ दे आज त्या दीपेशला! चांगला फैलावर घेते. बायकोला विख आणून देतो काय?"

प्रियांका हंड्यातून पाणी घेत होती. तिचा हात तिथेच थांबला.

"भावजींना काय बोलू नका, आई," अनिता म्हणाली. "बाटलीत काय खोट नव्हती. दोन्ही एकदम घेतल्या म्हणून झालं. मी तसं बोलले म्हणून तुमी वाटल्या. मला खुपत होती ती बाटली."

असं तोंडावर कबूल करायची रीत त्या घरात नव्हती. धोंडीबाई उठून तिच्यापुढे आली.

"खुपत होती? आनि तुला गो काय कमी हाय?"

अंगणात काळूराम पाय धूत होता. अनिताने एकदा तिकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर आज तिच्यापाशी होतं. पण प्रियांका शेजारीच उभी होती, म्हणून ते मनातच ठेवून तिने प्रियांकाच्या हातातला तांब्या घेतला.